शेवटच्या रांगेसाठी

"अशानं पोरगी नवरी कमी आणि मांत्रिकाची बायको जास्त दिसेल," आत्याबाई माझ्या कानापासून वीतभर अंतरावर पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे चहाच्या कपात बोलल्या. पण कप रिकामा असल्यामुळे आवाज त्यात घुमून थेट माझ्याकडे आला. तो तसा यावा अशीच त्यांची इच्छा असणार.

मी हातातला ब्रश थांबवला नाही. नवरीच्या खोलीत काम करायचं तर कान घरी ठेवून यावं लागतं. मला ते अजून जमलेलं नाही, पण ऐकू न आल्यासारखं तोंड करणं छान जमतं.

आत्याबाई म्हणजे नवरीच्या वडिलांची बहीण. आणि नवरीला घरात सगळे छोटी म्हणत. ही छोटी इतकी उंच की दारातून जाताना मान झुकवायची; पण घरात एकदा पडलेलं नाव उंचीला जुमानत नाही. लग्न त्याच दिवशी होतं, हॉल घरापासून दोन वळणांवर, आणि छोटी माझ्यासमोर आरशापुढच्या खुर्चीत गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसली होती.

आत्याबाईंची तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती. महिन्यापूर्वी छोटी माझ्याकडे चेहरा करून बघायला आली होती तेव्हा तिनं हौसेनं पसंत केला होता तो मेकअप केलाय हे कळूच नये असा मेकअप. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि त्याचं सगळ्यात कमी कौतुक होतं. आई आणि आत्याबाई दोघीही सोबत होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आणि आज सकाळी मी पेटी उघडून डब्या मांडते न मांडते तोच ही म्हणाली, ताई, ते राहू दे, आज ठसठशीत करा, अगदी नाटकातल्यासारखं.

मी विचारलं, का गं बाई, काय झालं?

तर म्हणाली, हॉल मोठा आहे ना.

हॉल मी पाहिलेला होता. त्या हॉलमध्ये मी कितीतरी नवऱ्या उभ्या केल्या आहेत. पहिल्या रांगेत बसलेल्या माणसानं पाय लांब केले तर ते मंचाला टेकतात. पण लग्नाच्या दिवशी नवरीशी वाद घालू नये, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

खरं तर मला कुणी काहीच शिकवलेलं नाही. मी हे काम सुरू केलं ते आमच्या वस्तीतल्या हौशी नाटकवाल्यांच्या पडद्यामागे. आमचे हे तेव्हा सेनापती व्हायचे. अख्ख्या नाटकात एकच वाक्य, तेही विसरायचे. त्यांच्या मिशा चिकटवता चिकटवता इतरांचीही तोंडं माझ्याकडे येऊ लागली. रंगमंचावरचा चेहरा शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी रंगवायचा असतो. जवळून तो भयानकच दिसतो. भुवया कोळशानं ओढल्यासारख्या, ओठ वीट फोडल्यासारखे. मग मी लग्नाच्या कामात आले आणि हात हलका करता करता माझी वर्षं गेली. नवरीमुलींच्या आया हळूच येऊन सांगायच्या, बाई, जरा कमी. मी कडा पुसायला शिकले. रंग कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे कुणाला सापडू नये, यातच माझं नाव झालं. आता कुठं माझी ओळख सांगताना लोक हलक्या हाताची म्हणून सांगतात, आणि ही पोरगी मला पुन्हा वीट फोडायला सांगत होती.

माझी एक सवय आहे. मी आधी एकच डोळा पूर्ण करते. दुसरा अगदी कोरा ठेवते, आणि मग आरसा हातात देते. तुलना समोर असली की नवरीला काय हवं ते तिचं तिलाच कळतं. तसा त्या दिवशी छोटीचा उजवा डोळा मी केला. काळा आणि राखाडी, बोटानं पसरवत पसरवत थेट भुवईपर्यंत नेलेला. डावा डोळा होता तसाच, गादीवरून उठून आलेला. अर्धा चेहरा मेजवानीला निघालेला आणि अर्धा दारात दुधाची पिशवी घ्यायला आलेला. त्यावरच आत्याबाईंचं ते कपातलं वाक्य आलं होतं.

तेवढ्यात छोटीची आई पिनांचा डबा घेऊन आत आली.

लहानखुरी, नीटनेटकी बाई. चालताना भिंतीवरून बोटं फिरवत यायची, धूळ आहे का बघत असल्यासारखी. माझ्याकडे आली होती तेव्हाही बोलताना तिची नजर सारखी माझ्या कानाकडे जात होती. कानातलं निसटलंय की काय म्हणून मी दोनदा चाचपलं होतं, आणि शेवटी तिलाच विचारलं होतं. ती हसून म्हणाली होती, नाही हो, छान आहे कानातलं. त्या दिवशी मी कानात काहीच घातलं नव्हतं. मला वाटलं, बाई गमतीशीर आहे.

आत्याबाईंना बाजू घेणारं कुणीतरी हवंच होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, बरं झालं आलात. जरा बघा हिच्याकडे आणि तुम्हीच सांगा आता तुमच्या लेकीला."

आई खुर्चीपुढे येऊन उभी राहिली. हात लांब केला असता तर छोटीच्या गालाला लागला असता, इतकी जवळ. तिनं समोर, अगदी सरळ बघितलं. एका काळ्याभोर डोळ्याकडे आणि एका कोऱ्या डोळ्याकडे. मग तिचा चेहरा खुलला.

"छान झालंय गं," ती म्हणाली. "अगदी हलकं. दोन्ही डोळे कसे टपोरे दिसतायत."

माझ्या हातातला ब्रश तसाच वर राहिला. छोटीनं गळ्याजवळचा टॉवेल मुठीत धरला. आणि आत्याबाई, ज्यांनी तक्रार करायला तोंड उघडलं होतं, त्यांनी ते मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाल्या, "हो ना. हलकंच आहे. मी तेच म्हणत होते मघापासून."

इतक्या सराईतपणे की मला कळलं, ही पहिली वेळ नाही.

दारात छोटीचे वडील उभे होते. एका हातात बूट, दुसऱ्या हातात पॉलिशचा ब्रश. ते सकाळपासून घरभर कुरकुरत फिरत होते, आणि मी मनात त्यांची गणना किरकिऱ्या यजमानांत करून टाकली होती. चला, असं म्हणत ते बायकोजवळ आले, कोपर पुढे केलं आणि कुरकुर सुरू केली. हे स्टूल कुणी बरोबर मधे आणून ठेवलं? उंबऱ्यावर ही पिशवी कसली? आणि बाहेर जिन्याची पहिलीच पायरी किती उंच बांधलीये, त्या गवंड्याला धरून आणला पाहिजे. ती त्यांच्या कोपराला हात लावून, स्टुलाला वळसा घालून, पिशवीवरून पाय उचलून बाहेर गेली. बाहेर जिन्यावर एक मोठं पाऊल पडल्याचं ऐकू आलं.

त्या माणसाची कुरकुर तेव्हा मला पहिल्यांदा नीट ऐकू आली.

"चष्म्याचा नंबर वाढलाय वहिनींचा," आत्याबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. लग्न झालं की बदलणार आहेत. सगळं लग्न झालं की होणार आहे. आता मध्येच कुठं ते काढायचं, छोटी एवढ्या लांब राहायला जाणार, तिच्या जिवाला उगाच घोर.

"हो," छोटी आरशात बघत म्हणाली. "चष्माच."

म्हणजे आत्याबाई छोटीसाठी खरं बोलत नव्हत्या, छोटी आत्याबाईंसाठी, आणि आई या सगळ्यांसाठी. घरभर एकच गोष्ट होती, आणि जो तो तिच्यावर चादर घालून, इथं काही नाही म्हणत उभा होता.

छोटीचे डोळे भरले. मी कागदी रुमाल घेतला आणि आधी उजव्या डोळ्याखाली धरला. म्हटलं, हा सांभाळ, त्याच्यावर माझी मेहनत आहे, तो दुसरा किती का रडेना. ती रडता रडता फसकन हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली,

"ताई, फोटो कसेही येऊ देत. सासरच्यांना काय वाटायचं ते वाटू दे. मी समोर उभी राहिले की आईला दिसले पाहिजे. आजच्या दिवस तरी." आणि लगेच, सवयीनं, "हॉल मोठा आहे म्हणून म्हणतेय."

"हो," मी म्हटलं. "हॉल फारच मोठा आहे."

मग मी टॉवेल झटकला आणि कामाला लागले. आधी डावा डोळा उजव्यासारखा करून टाकला आणि आत्याबाईंना विनंती केली की जरा दारापाशी उभ्या राहून सांगाल का कसं दिसतंय. आत्याबाई गेल्या. दारात उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघितलं, छोटीकडे बघितलं, आणि आपला जाड काचांचा चष्मा काढून हातात घेतला.

"काच पुसते जरा," त्या म्हणाल्या, आणि पुसायचं नाव न घेता छोटीकडे डोळे बारीक करून बघू लागल्या.

मी विचारलं, काय दिसतं?

"राख," आत्याबाई म्हणाल्या. "चूल विझल्यावर राहते तशी. डोळे कुठायत?"

त्या बरोबर बोलत होत्या, आणि चूक माझीच होती. ठसठशीत म्हटल्यावर मी काळं वाढवलं होतं. पण हात जुन्या सवयीचा. काळं लावायचं आणि पसरवायचं, कड पुसायची, कड पुसायची. जे पुसलेलं असतं ते लांबून दिसत नाही. नाटकात आम्ही कडा पुसत नव्हतो. कडच तर शेवटच्या रांगेत पोचते.

मी सगळं पुसून काढलं. छोटीचा चेहरा पुन्हा कोरा झाला. आत्याबाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग माझ्या पेटीतला कापूस स्वतःहून पुढे केला.

पण एक अडचण होतीच. चष्मा काढलेल्या आत्याबाईंना जे दिसतं तेच वहिनींना दिसत असेल असं थोडंच आहे? आत्याबाईंना सगळंच धूसर दिसत होतं. वहिनींनी तर मघाशी उंबऱ्याकडे जाताना गालिच्यावर पडलेली एक पिन चटकन उचलून डब्यात टाकली होती. मी ते पाहिलं होतं. त्या बाईला काय दिसतं आणि काय नाही, हे विचारायचं तर चादर ओढावी लागली असती, आणि ती ओढणारी मी कोण.

म्हणून मी पांढरा टॉवेल टेबलावर पसरला, त्यावर ओठांच्या रंगांच्या रेघा काढल्या. गुलाबी, विटकरी, जांभळट, आणि एक गडद लाल, जो मी नवरीला कधीच लावत नाही. मग निरोप धाडला की ओठांचा रंग आईनं निवडायचा असतो, आमच्या कामात तशी पद्धत आहे. अशी कसलीही पद्धत नाही.

वडील पुन्हा स्टुलावर चिडत, पिशवीवर चिडत तिला घेऊन आले. ती टेबलापाशी उभी राहिली. आधी टॉवेलकडे सरळ बघितलं. काही नाही. चेहऱ्यावर ते पाहुण्यांसाठीचं हसू आलं, जे मी मघाशी पाहिलं होतं. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं मान हळूच खिडकीकडे वळवली, बाहेर पाऊसबिऊस आहे का बघावं तशी. आणि टॉवेलकडे न बघताच तिचं बोट सरळ खाली आलं. गडद लालवर.

"हा," ती म्हणाली. "हा आहे इथे."

हा छान आहे, असं नाही. हा आहे.

मी म्हटलं, मीही हाच धरून ठेवला होता मनात.

"मग मला कशाला बोलावलंत?" ती म्हणाली आणि माझ्या कानाकडे बघून हसली. या वेळी ते हसू पाहुण्यांसाठीचं नव्हतं. ती गेल्यावर मला वाटलं, या घरात सगळ्यात जास्त चादरी हिच्याच हातात आहेत, आणि हिला आमच्याही दिसतात.

मग मात्र मी थांबले नाही. चेहऱ्याला सगळीकडे एकच उजळ थर दिला, सेनापतीची अख्खी फौज रंगवायला बसावं तसा. डोळ्यांभोवती काळी रेघ ओढली, बारीक नव्हे, बोरूनं ओढावी तशी, आणि तिचं टोक कानाकडे वर उचललं. भुवया ठळक केल्या. ओठांचा लाल रंग भरला, आणि मग ओठांच्या बाहेरून, अगदी कडेकडेनं, पांढुरकी पावडर दाबून बसवली, म्हणजे लाल जिथं संपतो तिथं तो खरंच संपेल. आयुष्यभर ज्या कडा पुसल्या त्या एकेक करून परत उभ्या केल्या. हात खूश होता. जुनं, विसरलेलं गाव सापडल्यासारखा.

छोटीनं आरशात बघितलं आणि जरा दचकली.

"ताई, मी भयंकर दिसतेय का?"

"जवळून, हो," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि खांदे सरळ केले.

आत्याबाई न सांगताच दारापाशी गेल्या. चष्मा काढला. बराच वेळ बघत राहिल्या. ओठ दिसतात, त्या म्हणाल्या. भुवया दिसतात. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळतं. मग म्हणाल्या, मांत्रिकाची बायको वगैरे काही नाही, नवरीच दिसते. फारच खराब झालीये काच, असं म्हणत त्यांनी चष्म्याऐवजी डोळेच पुसले.

बाहेर गाडी आली होती. कुणीतरी खालून दोनदा हाक मारली. हॉलमधली गर्दी, दिवे, फोटो काढणारे, त्या सगळ्यात काय होईल ते होवो. मला हे इथेच, या खोलीत व्हायला हवं होतं. मी पडदा पूर्ण बाजूला सारला. छोटीला खुर्चीतून उठवून खिडकीच्या डाव्या अंगाला उभी केली, उजेड सरळ तोंडावर येईल अशी. आणि वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, वहिनींना आणा, पण छोटीसमोर नका उभ्या करू. खिडकीसमोर करा. छोटी त्यांच्या कडेला येऊ दे.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आणायला वळले. बूट मात्र आता पायात होते, चकचकीत, फक्त दोन्हींच्या नाड्या सुटलेल्या.

दोघं आली. या पडद्याला कुणी हात लावला, सगळं ऊन आत आलंय, असं ते कुरकुरले, आणि आवाज कुरकुरायच्या मानानं फारच मऊ होता. आई खिडकीसमोर थांबली. तिचं तोंड उजेडाकडे, बाहेरच्या छपरांकडे. छोटी तिच्या कडेला, दोन हातांवर, ओठ घट्ट मिटून.

वडिलांनी सवयीनं सुरुवात केली. छान दिसतेय ना छोटी, ते म्हणाले, ओठ बघ कसे लाल, आणि डोळ्यांना... ते असंच करत असणार रोज. आधी आपण वर्णन करायचं, म्हणजे तिला नुसतं हो म्हणता येईल. पण आत्याबाईंनी भावाच्या बाहीला हात लावला, आणि ते थांबले. खोलीत कुणीही मदतीला आलं नाही.

"छान," आई म्हणाली. आणि थांबली. मान अजून खिडकीकडेच होती, पण तिचा हात हळूच बाजूला, छोटीच्या दिशेनं उचलला गेला आणि हवेत राहिला. गालाला न लागता. चेहऱ्याला हात लावू नये, हे मी सकाळी सगळ्यांना बजावलं होतं आणि आता मला माझ्या त्या नियमाची लाज वाटत होती.

"लाल दिसतंय," ती म्हणाली. "तुझं तोंड दिसतंय, छोटे. डोळ्यांच्या काळ्या रेघा दिसतायत. वर गेल्यात." मग श्वास घेऊन, खिडकीबाहेरच्या छपरांना सांगावं तशी, शांतपणे म्हणाली, "समोर बघितलं की मला तू दिसत नाहीस गं. कुणीच दिसत नाही. खूप दिवस झाले. चष्म्यानं ते यायचं नाही, आणि तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे. आता ते ओठ जरा हलव, म्हणजे मला कळू दे, हसतेयस की रडतेयस."